अकरा तासांचा फोटो

फ्रेम १

"हलली की ओ पवनचक्की."

"पवनचक्की हलणारच, भाई. तेच काम आहे तिचं."

"पाती न्हाय म्हणत मी. खांबासकट हलली. तुमचा धक्का लागला काय?"

"मी दोन हात लांब उभा आहे."

"मग आणि दोन हात लांब ऱ्हावा."

दस्तगीर शिकलगार लॅपटॉपवर वाकून बसले होते. पडद्यावर ऊन येतं म्हणून डोक्यावरून गोधडी घेतलेली. गोधडीच्या आत त्यांचं नाक पडद्याला जवळजवळ टेकलं होतं. उजवा हात बाहेर, छोट्या दुर्बिणीच्या स्क्रूवर. पाटणच्या वरच्या पठारावर आम्ही दर हिवाळ्यात असंच सुरू करायचो. ऊन उतरायच्या आधी पोचायचं, समोरच्या डोंगरावरची तीन किलोमीटर लांबची पवनचक्की धरायची आणि तिच्यावर गाइड कॅमेऱ्याचा फोकस लावून ठेवायचा. अंधार पडल्यावर ताऱ्यावर केसभर इकडेतिकडे केलं की काम झालं.

"आज का लागेना ओ हा?" भाई गोधडीतून म्हणाले.

फ्रेम २

गाइड कॅमेरा म्हणजे काय, ते सांगतो. मोठ्या दुर्बिणीला मोठा कॅमेरा. तो पाच-पाच मिनिटं उघडा राहतो. तेवढ्या वेळात पृथ्वी फिरते, म्हणून खाली मोटर, दुर्बिणीला उलटं फिरवणारी. मोटर थोडी चुकते. तिची चूक पकडायला मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण आणि तिला छोटा कॅमेरा. तो एकच तारा पकडून बसतो. तारा जरा सरकला की मोटरला सांगतो, बाई, चुकलीस. दर दोन सेकंदांनी.

आमच्यातही वाटणी तशीच होती. तारे, नकाशे, लॅपटॉपमधली आकडेमोड माझी; मी कराडला हायस्कूलवर विज्ञान शिकवायचो. लोखंड, पितळ, आटे, रिंगा दस्तगीरभाईंच्या. त्यांचं लेथचं दुकान होतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांना बोटाला कळायचा. म्हणून गाइड कॅमेऱ्याचा फोकस त्यांच्याकडे. त्याचा नियम ठरलेला होता. भाई "बास" म्हणाले की मी स्क्रू आवळायचा आणि मग कुणीच हात लावायचा नाही. मी लॅपटॉपवर वाकून खात्री करायची नाही. पहिल्या वर्षी एकदा केली होती, तर ते दोन दिवस बोलले नव्हते.

दुसरा नियम माझा होता. त्याबद्दल पुढे.

फ्रेम ३

सूर्य गेला. पवनचक्क्यांवरचे लाल दिवे लागले. वारा होता. त्या पठारावर वारा नाही असं होतच नाही, म्हणून तर पवनचक्क्या.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"दिवा दिसतोय."

"केवढा?"

भाईंनी स्क्रू फिरवून पाहिला. मग म्हणाले, "पापडाएवढा."

"राईएवढा पाहिजे."

"ते मला शिकवा आता."

फोकस न लागलेला उजेडाचा ठिपका असाच फुगतो. फिकट, मोठा, कडा नसलेला. सॉफ्टवेअरला त्यात तारा सापडत नाही. भाईंनी स्क्रू आत घेतला, बाहेर काढला. नळी पूर्ण बाहेर आली, तरी पापड.

"दव धरलं असेल काचेवर," मी म्हणालो. काच पुसली. कोरडी होती.

"केबल?" केबल काढून पुन्हा लावली.

"कॅमेरा नीट बसलाय?" बसला होता.

"रिंग?"

"रिंग माझी हाय," भाई म्हणाले. "नवीन काढलीय. परवाच."

कॅमेरा आणि दुर्बीण यांच्यामध्ये एक रिंग लागते, अठरा मिलिमीटरची. जुनीचे आटे झिजले होते. नवी पितळेची होती, बोटाने वाजवली तर घंटीसारखी वाजायची. मी तिच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. दस्तगीर शिकलगारांच्या रिंगेबद्दल शंका घ्यायची, तर मग माझ्या नावाबद्दलही घ्यायला हवी होती.

फ्रेम ४ (बाद)

मी दस्तगीरभाईंच्या खांद्यावरची गोधडी बाजूला करतो. लॅपटॉपवर वाकतो. म्हणतो, "भाई, हे काहीच दिसत नाहीये. तुम्हाला काय दिसतंय, खरं सांगा." ते शिव्या देतात. मग सांगतात. आम्ही सामान गाडीत भरतो आणि रात्री नऊला घरी पोचतो.

असं झालं नाही. खराब फ्रेम बाद करायच्या असतात, मला माहीत आहे. ही मी बारा वर्षं काढून टाकतो आहे आणि ती परत येते.

फ्रेम ५

शनिवार होता. मंगळवारी मिरजेला दस्तगीरभाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

साखर. उजव्या डोळ्यात दोन वर्षांपूर्वी रक्त उतरलं आणि तो गेला. ते त्याला 'धुराचा डोळा' म्हणायचे. डाव्यात लेसर करून झालं होतं. आता डाव्याचाही पडदा ओढला जात होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर निम्मी आशा, नाही केलं तर ती पण नाही. पण अजून दिसतंय ना, असं मी विचारलं होतं, तेव्हा भाई म्हणाले होते, "तुमच्या टकलावरचे केस मोजून दाखवू काय? सात हायत."

म्हणून ती रात्र. शृंगाश्व नावाच्या तारकासमूहात एक तेजोमेघ आहे, मृगाच्या डावीकडे. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. पण तासन्‌तास उजेड साठवला तर एक लाल फूल उमलतं, मध्ये पोकळ, कडेने पाकळ्या. तीन हिवाळे आम्ही त्याचाच उजेड गोळा करत होतो. पंधरा तास पाहिजे होते. अकरा झाले होते. राहिले चार. शनिवारी ते घ्यायचे, रविवारी मी सगळ्या फ्रेम एकावर एक रचायच्या आणि सोमवारी भाईंनी फोटो बघायचा. मंगळवारच्या आधी.

"मंगळवारनंतर काय का होईना," ते येताना गाडीत म्हणाले होते. "शेवटचं बघितलेलं चांगलं पाहिजे. न्हायतर माणसाला आयुष्यभर मिरजेच्या डॉक्टरचं तोंड आठवायचं."

फ्रेम ६

पावणेआठ. दुर्बीण मृगाकडे वळवलेली. फोकस लागलेला नाही.

"भाई, मी बघू का एकदा?"

"कशाला?"

"चार डोळे बरे."

"अडीच म्हणा की," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मग हसणं थांबलं. गोधडीतून स्क्रू फिरवल्याचा आवाज आला. खूप हळू, आटा आटा करत. मग स्क्रू थांबला.

"आला," भाई म्हणाले.

"आला?"

"टाचणीच्या टोकावानी. बास."

मी स्क्रू आवळला. नळी शेवटपर्यंत बाहेर होती, हे माझ्या बोटांना लागलं. मी आवळला.

"नवीन कॅलिब्रेशन करू?" म्हणजे दुर्बीण मुद्दाम इकडेतिकडे हलवून तारा तसाच सरकतो का, ते कॅमेऱ्याला दाखवायचं. वीस मिनिटं जातात त्यात.

"मागच्या बारीचं हाय की. तेच घ्या. वेळ कुठाय?"

घेतलं. सॉफ्टवेअरने एक तारा शोधला. त्याच्याभोवतीचा चौकोन हिरवा झाला. मी लांबूनच पाहिला, उभ्या उभ्या, दोन हातांवरून. काळोखात एक बारीक पांढरा ठिपका. टाचणीच्या टोकासारखाच.

फ्रेम ७ ते ५४

अठ्ठेचाळीस फ्रेम. पाच-पाच मिनिटांच्या. चार तास.

मोठ्या कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी होती. ती माझी. हाच तो दुसरा नियम. पंधरा तास पुरे होईपर्यंत कुणी काही बघायचं नाही. एक फ्रेम नाही, रचलेल्या फ्रेमची अर्धी रास नाही. मी वर्गात मुलांना सांगतो तसंच भाईंना सांगितलं होतं. सारखं झाकण काढून बघितलं की भात शिजत नाही.

आम्ही खुर्च्या टाकून बसलो. भाभींनी दिलेली चपाती-भाजी काढली. भाईंनी डबा माझ्याकडे सरकवला. "तुम्ही वाढा. अंधारात मला सांडायची सवय हाय."

लॅपटॉपवर आलेख चालू होता. तारा किती डगमगतो त्याचा. बाकी रात्री तो आलेख करवतीच्या दातांसारखा असायचा. वारा आला की दात मोठे. त्या रात्री पट्टीने आखलेली रेघ होती.

"कसा चाललाय?" भाईंनी विचारलं.

"एकदम सरळ. इतका सरळ कधीच नव्हता."

"नवीन रिंग," ते म्हणाले.

पवनचक्क्यांचा आवाज येत होता. गोधडीचं टोक वाऱ्याने फडफडत होतं. दुर्बिणीच्या तोंडाला दव अडवायला लावलेली पुठ्ठ्याची नळी थरथरत होती. आणि आलेख सरळ. मी विज्ञान शिकवतो. मला तेव्हा एक प्रश्न पडायला हवा होता. पडला. मी चपातीचा घास घेतला.

"मास्तर."

"हं."

"मधे पोकळ का असतो तो?"

"मधले तारे नवीन आहेत. तापट. त्यांनी भोवतालचा वायू बाहेर ढकललाय."

"म्हणजे पोरांनी घरातनं बापाला बाहेर काढलं."

"तसंच म्हणा."

"आणि लाल कशाने?"

"त्या पोरांच्याच तापाने. बाहेर काढलेला बाप तापून लाल झालाय."

भाई एवढे हसले की त्यांना ठसका लागला. पाणी देताना मी ग्लास त्यांच्या हाताजवळ नेला, आणि त्यांचा हात ग्लासच्या शेजारून गेला. मग परत आला आणि ग्लास धरला.

"काळोख लय झाला," ते म्हणाले.

फ्रेम ५५ ते ६४

शेवटी दुर्बिणीला झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या काही फ्रेम घ्यायच्या असतात. त्यांना डार्क म्हणतात. झाकण लावलेलं असतं, म्हणून आकाशातलं काहीच येत नाही. येतात ते फक्त कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष. त्याच्या आतल्या चकतीवरचे काही दाणे, म्हणजे पिक्सेल, बिघडलेले असतात, ते अंधारातही चमकत राहतात. ते आधी मोजून ठेवले की खऱ्या फोटोतून वजा करता येतात.

झाकण भाईंनी लावलं. दोन्ही हातांनी, कडेवरून बोट फिरवत.

"झाले पंधरा?"

"झाले."

त्यांनी दुर्बिणीवर दोनदा थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं.

फ्रेम ६५

रविवारी सकाळी मी चिकटपट्टी काढली.

अठ्ठेचाळीस फ्रेम. प्रत्येकीत प्रत्येक तारा म्हणजे एक आखूड, तिरकी रेघ. गाइड कॅमेऱ्याने चार तासांत मोटरला एकदाही चूक सांगितली नव्हती.

मी गाइड कॅमेरा लॅपटॉपला जोडला. दिवसा, घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. पुढे झाकण लावलं. सॉफ्टवेअर सुरू केलं.

तारा तिथेच होता. त्याच जागी. टाचणीच्या टोकासारखा.

बिघडलेला दाणा. खरे तारे पापडाएवढे पसरून दिसेनासे झाले होते, म्हणून यंत्राने त्यातल्या त्यात टोकदार दिसलं ते धरलं. आणि तो ठिपका हलणार कसा? तो आकाशात नव्हताच.

मग रिंग काढली. शाळेच्या प्रयोगशाळेतलं व्हर्निअर आणलं आणि मोजली. तीन वेळा मोजली. अठरा हवी होती. सोळा होती. कामात खोट नव्हती. कडा गुळगुळीत, आटे कुठेही न अडकणारे. लेथवर उभं राहून त्या माणसाने मापावरचा सहा आठ म्हणून वाचला होता, किंवा वाचलाच नव्हता.

मी ओट्याला टेकून उभा राहिलो. सायकल घेऊन त्यांच्याकडे जावं, असं वाटलं. गेलो नाही. ते मोजायला बसतील आणि मी समोर उभा असेन, हे मला बघायचं नव्हतं. बघायचं नसलं की मला नेहमी नियम सापडायचा. त्या दिवशी सापडला नाही, म्हणून मी चहा केला.

फ्रेम ६६

अकरा तास तरी होते.

रविवारी दुपारभर मी ते अकरा तास एकावर एक रचले. संध्याकाळी फूल आलं. लाल, मध्ये पोकळ, पाकळ्यांच्या कडांना बारीक काळ्या सुरकुत्या. पंधरा तासांचा असता तर किती वेगळा दिसला असता? मी बराच वेळ बघत बसलो. वेगळा दिसला नसता. मला कळला असता फरक, दुसऱ्या कुणाला नाही.

अकरा तास मागच्या वर्षी फेब्रुवारीतच झाले होते. तेव्हा पठारावरून उतरताना भाई म्हणाले होते, "मास्तर, एकदा बघू की. किती आलाय तेवढाच. मी कुणाला सांगत न्हाय." तेव्हा डाव्या डोळ्याने त्यांना पेपर वाचता यायचा. बारीक जाहिरातीसुद्धा.

मी म्हणालो होतो, "भात शिजू द्या, भाई."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या नियमाला मी हात लावत नव्हतो, माझ्या नियमाला ते.

फ्रेम ६७ (बाद)

सोमवारी मी भाईंना खरं सांगतो. शनिवार वाया गेला. रिंग दोन मिलिमीटर कमी होती. हा जुना अकरा तासांचा आहे.

बाद.

फ्रेम ६८

सोमवार, संध्याकाळी साडेसहा. भाभींनी दार उघडलं.

"दुपारपासून तयार होऊन बसलेत," त्या हळू म्हणाल्या. "दाढी करून घेतली माझ्याकडून." एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत थांबल्या. बहुतेक मी काहीतरी विचारीन, असं त्यांना वाटलं. मी चप्पल काढली.

भाई पलंगावर बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा. उद्याची पिशवी पायाशी भरून ठेवलेली.

"आला काय भात शिजून?"

"आला."

"दिवा घालव गं," ते भाभींना म्हणाले. "हे अंधारात बघायचं असतंय."

भाभींनी दिवा घालवला. मी लॅपटॉप उघडला, फोटो पडद्यावर आणला आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला. ठेवताना त्यांनी तो दोन्ही हातांनी चाचपून नीट धरला. मी समोर स्टुलावर बसलो. पडद्याची पाठ माझ्याकडे.

फोटो लाल होता. त्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडायला हवा होता, आणि चेहरा काळाच होता.

"व्वा," भाई म्हणाले.

मी उठलो. पलंगाला वळसा घालून त्यांच्या मागे गेलो. चाचपताना त्यांचं बोट बाणाच्या बटणावर पडलं होतं. पुढची फाइल आली होती. डार्क. पूर्ण काळा पडदा आणि त्यात विखुरलेले चार-सहा पांढरे दाणे.

"पोकळ हाय बघा मधी," ते म्हणाले. त्यांचं बोट काळोखावर गोल फिरलं. "तुम्ही म्हणालता तसंच. हितनं पोरांनी बापाला भायेर काढला. आणि ही कड... ह्या कडेला कुरळं कुरळं झालंय, व्हय ना?"

"हो."

"लाल पण काय लाल ओ. मला वाटलेलं, जरा फिकट असंल."

भाभी दारात उभ्या होत्या. त्यांना पडदा दिसत होता. पदर त्यांनी तोंडात धरला होता.

"मास्तर."

"हं."

"तारे कसे आलेत? तुम्ही बघा. आज बघा तुम्ही, माझी परवानगी हाय."

मी वाकलो. पहिल्या वर्षानंतर पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यावरून पडद्यात पाहिलं. झाकणामागचे दाणे.

"टाचणीच्या टोकासारखे," मी म्हणालो.

"म्हणजे फोकस लागलाता."

"लागला होता."

त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. अंगठा आणि बोट हवेत जुळले आणि अर्धा आटा फिरले, थांबले, केसभर मागे आले.

मला सहन झालं नाही. मी हात पुढे केला आणि मागच्या बाणाचं बटण दाबलं. फूल परत आलं. सगळं, अकरा तासांचं. त्याचा उजेड त्यांच्या ताज्या दाढी केलेल्या गालावर, सदऱ्यावर, दोन्ही उघड्या डोळ्यांत पडला.

बटणाचा आवाज त्यांनी ऐकला होता. त्यांनी मान माझ्याकडे वळवली, मी होतो त्याच्या थोडी शेजारी.

"का ओ? बंद केला?"

"हो, भाई," मी म्हणालो. "बास."